हिरवी वही कुणाच्या नावे

मी, खाली सही करणारा, वय एकवीस, कायद्याचं कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलेला, सध्या पुस्तकबांधणीच्या दुकानात शिकाऊ, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. ते तापलेलं आहे, फिरलेलं नाही. हा फरक बाबांनी समजून घ्यावा. प्रकृती ठणठणीत आहे आणि मरण्याचा माझा काडीचाही विचार नाही. हे मृत्युपत्र दुकानमालक चाचांनी लिहायला लावलं. पुठ्ठ्याला खळ लावता लावता ते सूफी कवींच्या ओळी म्हणत असतात. त्या सगळ्यांचं सार ते एवढंच सांगतात: मरण येण्याआधी मरून घे. मी विचारलं, म्हणजे करायचं काय? तर म्हणाले, "अर्धा वकील आहेस ना? सगळं वाटून टाक. जे देताना हात आखडेल, त्याने तुला धरलंय असं समज."

१. सायकल दादाला. "कविता वाचून शहाणपण येत असतं, तर पुस्तकं कुरतडून उंदीर पंडित झाले असते," असं तो पाहुण्यांसमोर म्हणाला होता. चेन दर वळणावर पडते. ती तशीच द्यावी.

२. काळा कोट बाबांना परत. त्यांनीच हौसेने शिवून दिला होता. कॉलेज सोडलं त्या दिवशी म्हणाले, "सूफी व्हायचंय? आधी स्वतःचं ताट उचलायला शीक." तेव्हापासून मी ताट उचलतो आणि धुतोही. आईला माहीत आहे. बाबांनी एकदाही वळून पाहिलेलं नाही, याची नोंद व्हावी.

३. दाभण, सुया आणि कात्री चाचांना. ते मला हसले, तरीही. का हसले ते पुढच्या कलमात.

४. हिरवी वही, पानं एकशे बारा, शिवण माझ्याच हातची, ही वर्गात दीड वर्षं माझ्या शेजारी बसलेल्या मुलीला. चाचांकडून ऐकलेल्या ओळींवरून मी तिच्यासाठी रचलेलं सगळं यात आहे. ती वही तिने आठ दिवसांत परत केली होती.

"हे मला लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"मग कुणाला?"

"ते तू शोध. यातल्या सखीचे केस मोकळे, तिच्या हातात सुरई. माझे केस कानापर्यंत, नाकावर चष्मा. आणि मी डावरी आहे. रोज लिहिताना माझं कोपर तुझ्या कोपराला लागायचं, तेवढं तरी कळलं का तुला?"

लागत होतं. मी तो इशारा समजलो होतो.

हे ऐकून चाचा खोकला येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "अरे, आरसा पुसायला फडकं दिलं, तर तू फडक्यालाच मिठी मारून बसलास. शेजारचं माणूस ज्याला दिसत नाही, त्याला न दिसणारा काय दिसणार?"

असो. आता वही तिलाच जाईल. मेलेल्या माणसाला वस्तू परत करता येत नाही. ठेवावीच लागेल.

५. राग. हाही चाचांना देत होतो. घेत नाहीत. म्हणाले, "तुझ्याकडेच असू दे, खळ शिजवायला उपयोगी पडेल."

पुरवणी, त्याच दुपारी: दोन साक्षीदार हवेत म्हणून चाचांनी आधी स्वतः तयारी दाखवली आणि मग, मला न विचारता, बांधायला टाकलेल्या नोट्स न्यायला आलेल्या तिलाच आत बोलावलं. तिने सगळं वाचलं. कलम चार दोनदा वाचलं.

"पेन दे," ती म्हणाली.

"आणि वही?"

"मी कायदा सोडलेला नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. विसरलास?"

विसरलो नव्हतो. तिला आठवू नये, एवढंच वाटत होतं. त्यामुळे कलम तीन आणि चार रद्द. अवजारं माझ्याकडे राहिली. वही माझ्याकडे राहिली. कुणावर चिडायचं ते ठरवेपर्यंत तिने कागद ओढून घेतला होता.

डाव्या हाताने लिहिताना तळवा ओल्या शाईवरून सरकतो, म्हणून तिची सही शेवटाकडे फरफटते. करंगळीखालची कड निळी झालेली असते. दीड वर्षं रोज होत असणार.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार पहिले, दुकानमालक: (सही)
साक्षीदार दुसऱ्या: (सही. शाई पसरली आहे. खाडाखोड समजू नये.)
ठिकाण: बांधणीचं दुकान, मागची खोली
दिनांक: नऊ मार्च