काळं तेल

३ जून
आज नव्या नोकरीवर हजर झालो. पन्नाशीत पुन्हा नवखा, पण मजा वाटली. प्रयोगशाळा ऐसपैस, राहायची खोली हाकेच्या अंतरावर. कामही सोपं. लोखंडाची अतिबारीक पूड मिसळलेलं काळं तेल बेअरिंगमध्ये सोडायचं आणि घर्षण मोजायचं. मोठा चुंबक कायम चालू असतो, बंद केला तर तेल वाहून जातं. आपण फक्त जोर कमीजास्त करायचा. जोर बेताचा असला की तेल जागचं हलत नाही, चाक लोण्यासारखं फिरतं. वाढवला की तेच तेल घट्ट होऊन चाक जखडतं. फोरमन म्हणाला, हातमोजे घालत जा साहेब, आधीचे साहेब घालत नसत.

९ जून
मोजा फाटला, हात मनगटापर्यंत बरबटला. साबण झाला, रॉकेल झालं, नखांच्या कडा काळ्याच. गंमत म्हणजे वर्षानुवर्षं ठणकणारी बोटं आज दुखली नाहीत. बायकोला फोनवर सांगितलं. म्हणाली, बरं झालं, आता बरण्यांची झाकणं तुम्हीच उघडा.

१७ जून
गुडघेही कुरकुरत नाहीत. थकवा मात्र हटत नाही, अंग शिशासारखं जड. चुंबकाचा जोर वाढवला की बोटं आखडतात, पेन सुटत नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं. फोरमन हल्ली माझ्यापासून लांबच उभा राहतो.

२२ जून
राजीनामा दिला, बस पकडली. गाव मागे पडलं तसे सांधे कोरडे होत गेले. हाडावर हाड घासल्याचा आवाज शेजारच्या बाईलाही ऐकू गेला. मध्येच उतरलो. प्रयोगशाळेकडे पाऊल वळलं तेव्हा कुठे बरं वाटलं.

२५ जून
बायको न्यायला आली. फोरमनने दारातच तिला विनवलं, वहिनी, हात लावू नका. तिने ऐकलं नाही. दुपारभर माझी बोटं चोळत बसली. दमलीय बिचारी.

२६ जून
केस विंचरताना म्हणाली, खांदा कसा मोकळा झालाय. तिची नखं — मी पाहिली नाहीत.

२७ जून
चुंबक बंद करायला निघालो. फोरमन आडवा आला. म्हणाला, आधीच्या साहेबांनी केला होता बंद. मग त्यांना बादलीत भरून न्यावं लागलं. बादली कुठे रिकामी केली, ते मी विचारलं नाही. त्याने जोर वाढवून ठेवलाय. आता उठता येत नाही, हात तेवढा कागदावर सरकतो.

२८ जून
फोरमन आला नाही. बायको आलीय, कशीबशी, पाय ओढत. म्हणते, या यंत्रानेच धरून ठेवलंय तुम्हाला, बंद करते आणि घरी जाऊ. बटणाकडे चाललीय — जबडा उघडत नाही — अगं, नको — आपण दोघंही —