पंगतीबद्दल प्रज्ञाला काय माहीत होतं

६ ऑक्टो., सोम.
तिसरीला 'गावजेवण' धडा. प्रशिक्षणात सांगितलं तसं केलं. पुस्तक बंद, आधी विचारायचं: पंगतीबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? बुंदी, वरण-बट्टी, पत्रावळी... सगळं फळ्यावर. प्रज्ञाचा हात वर, पहिल्यांदाच. अक्षरं जुळवते पण वाचलेलं कळत नाही, म्हणून तिच्या नावापुढे मीच लाल खूण केलेली.
"आमची पंगत मांगून बसते मॅडम. समदे उठले का मंग. ताट घरून न्या लागते."
तेही लिहिलं.
मग वाचन. 'सारा गाव एका पंगतीत बसला', इथे थांबली. "हे खोटं हाय." काऊन गं? "लिवणाऱ्यानं आपलं गाव पाह्यलं नसन."
आकलन म्हणजे आणखी काय असतं! फळ्याचा फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला.
गेल्या वर्षी गावजेवणाला मी होते. पहिल्या पंगतीत बसवलं होतं. नंतर कोण जेवलं, पाहिलं नाही. जीप चुकली असती.

७ ऑक्टो., मंगळ.
फोटो गावात पोचला. शाळा समितीचे अध्यक्ष चौघांना घेऊन हजर. "मॅडम, गावाची बदनामी काऊन करून राह्यल्या?" मुख्याध्यापक हजेरीपटात डोकं घालून. मी म्हटलं, माझ्या मनाचं नाही, एका मुलीने सांगितलं.
"कोणाची पोरगी?"
सांगितलं. नाव, आडनाव. विचार करायलासुद्धा थांबले नाही.

९ ऑक्टो., गुरु.
सोयाबीनची सोंगणी जोरात. प्रज्ञाच्या आईला कापणीच्या मजूर टोळीतून काढलं. कोणाच्याच वावरात बोलावणं नाही. वर्गात प्रज्ञाच्या पट्टीवर कुणी बसत नाही, पोरांना घरून तसं सांगून पाठवलंय. आठ वर्षांची आहे.
ग्रुपवर फोटोला अजून अंगठे येतायत.

१० ऑक्टो., शुक्र.
केंद्रप्रमुख वाचन तपासायला आले. तोच धडा काढला. प्रज्ञाला विचारलं, लोक कसे बसले?
"सारा गाव एका पंगतीत बसला."
"छान. आणि तुमच्या गावात?"
तिने अध्यक्षांच्या पोराकडे पाहिलं. "तसाच."
आकलन: उत्तम. माझंही कौतुक झालं. लाल खूण खोडावी लागली.

१३ ऑक्टो., सोम.
प्रज्ञाची आई आली. दाखला पाहिजे. पोरीला मेहकरला मावशीकडे ठेवणार. रागावलात का, विचारलं.
"राग कायचा मॅडम? तुमी इचारलं, तिनं सांगतलं. पण तिचं नाव त तुमीच सांगतलं ना."
प्रज्ञा फाटकापाशी उभी होती. आत ये म्हटलं. आली नाही.
"उद्या सकायच्या गाडीनं जातो. दाखला तयार ठेवजा."
भरायला घेतला. नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. पुढचा रकाना, शाळा सोडण्याचे कारण. मु.अ. म्हणतात, 'पालकांची विनंती' लिहा, सही करून मोकळा होतो.
दाखला घरी घेऊन आले. तो रकाना अजून कोराच.