फक्त गरजेपुरत्या लोकांनी

शनिवार, १४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असाल. घाबरण्यासारखं काही नाही, आम्ही दोघं जागच्या जागी आहोत. वहिनींची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा लावतात, की कपाटाला लावून ठेवलाय? इकडे सकाळी खिडक्या बंद कराव्यात इतपत गार होऊ लागलंय. तुमच्या बहिणीकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, त्यामुळे घरभर निळे दोरे. काल एक माझ्या चहातून निघाला.

तुमच्या मेलना आठवडाभर उत्तर दिलं नाही. राग नाही हो. कारण सांगायलाच बसलोय, पण हात पुढे सरकत नाहीये. वाचनालयात पेपर वाचायच्या खोलीत बसलोय. समोरचे आजोबा पेपर तोंडावर घेऊन झोपलेत, म्हणजे इथे तरी कुणी बघत नाही.

घरून तुम्हाला का लिहीत नव्हतो हे तुम्हाला माहीत आहेच. आमचा फोन एकच, आणि तो तुमच्या बहिणीच्याच हातात असतो. गिऱ्हाइकांचे निरोप त्याच्यावर येतात. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत, टेबलावरचा डबा बाजूला सारून, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर माझा स्वतःचा मेल उघडायचो. मला वाटायचं, घरात नसली तरी एवढी एक जागा आहे जिथे मी मोकळेपणी बोलू शकतो.

सोमवारी एचआरच्या बाईंनी बोलावलं. नवीन आहेत, फार हळू बोलतात. टेबलावर कागदांचा गठ्ठा पालथा घालून ठेवलेला होता.

"बसा. घरी सगळं ठीक?"

"ठीक."

"नाही, म्हणजे मिसेसचं कळलं. वाईट वाटलं."

मी म्हटलं, काय कळलं? त्यांनी गठ्ठा उलटा केला. दादा, तुमचे-माझे मेल होते. छापलेले. तुमची दोन वाक्यं, माझी चार, पिवळ्या शाईने रंगवलेली. डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं होतं ना, की हिची बाजूची नजर जात चाललीय, औषध नाही, हळूहळू समोरचं तेवढं उरेल, ते सगळं पिवळं. "तिला अजून सांगितलेलं नाही," हेही पिवळं.

"हे माझं खाजगी आहे," मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की मलाच ऐकू आला नाही.

"मेल तुमचा, पण मशीन कंपनीचं. पहिल्या दिवशी सही केली होती तुम्ही. नवीन प्रोग्रॅम बसवलाय, स्क्रीनवर जे उघडेल त्याची नोंद होते. मुद्दाम कुणी वाचत बसत नाही हो. काही काळजीचे शब्द आले, की तेवढं आमच्याकडे येतं."

"कुणाकुणाकडे?"

"फक्त गरजेपुरत्या लोकांनी वाचलंय."

मग म्हणाल्या, गाड्या सोडायचं टेबल म्हणजे जबाबदारीचं काम. कुठला ट्रक कुठे, कुठला ड्रायव्हर किती तास जागा, यात चूक झाली तर रस्त्यावर माणसं मरतात. मन ठिकाणावर नसलेल्या माणसाला तिथे बसवणं बरोबर नाही. तेव्हा काही दिवस स्टोअरमध्ये बसा. शिक्षा नाही, सोय आहे. त्या टेबलावर माझे केस पांढरे झाले, दादा. एक गाडी चुकली नाही माझी. पण मी "बरं" म्हणालो आणि उठलो. उठताना त्यांना विचारायचं होतं की शेवटचं पानही वाचलं का. विचारलं नाही.

संध्याकाळी निघालो तर फाटकावरच्या वॉचमनने सलाम केला आणि म्हणाला, "साहेब, वहिनींचे डोळे कसे आहेत आता?"

तेव्हापासून मला झोप नाही. तो वाईट माणूस नाही. मनापासून विचारलं त्याने. पण ज्या गोष्टीचा माझ्या घरात उच्चार झालेला नाही, ती फाटकापर्यंत पोचलीय. त्याची बायको गणवेश शिवायला आमच्याकडेच टाकते.

दादा, "मी येतो, मग दोघं मिळून सांगू," असं तुम्ही म्हणाला होतात. महिनाअखेर, मग पुढची महिनाअखेर. मला तुम्हाला घाई करायची नाही. पण डॉक्टर म्हणाले होते की हे घराण्यात चालतं, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं. हे मी तीनदा लिहिलं, आणि तीनही वेळा तुम्ही उत्तरात पाण्याच्या टाकीच्या गळतीबद्दल लिहिलंत.

ऑफिसच्या वेळात मला मेल करू नका. घरी पत्रही पाठवू नका, टपाल तीच उघडते. तेव्हा उत्तर नकोच. तुम्ही या.

तुमचा,
सध्या कुठेच बसायला जागा नसलेला मेहुणा


बुधवार, १८ ऑक्टोबर

दादा,

स्टोअरमधून लिहितोय, पेन्सिलीने. इथे मशीन नाही, हे एक बरं.

आज एचआरच्या बाई जिन्यात भेटल्या. हसून म्हणाल्या, "काल तुमच्या मिसेसशी बोलले. किती गोड बोलतात हो!"

घरचा नंबर त्यांच्याकडे आहे, अडीअडचणीला म्हणून मीच कधीतरी दिलेला.

"काय बोललात?"

"काही नाही, कुटुंबीयांसाठी आपली मदत योजना आहे ना, त्याची माहिती दिली. म्हटलं, या काळात कंपनी तुमच्यासोबत आहे."

"कुठल्या काळात, असं विचारलं नाही तिने?"

"नाही. सगळं ऐकून घेतलं. थँक्यू म्हणाल्या."

सगळं म्हणजे काय, हे विचारेपर्यंत त्या वर गेलेल्या होत्या.

म्हणजे कालची दुपार. आणि काल संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा ही शिलाई मशीनवर होती. "आलात? हात धुवा," म्हणाली. जेवताना म्हणाली, शाळेच्या बाईंनी बटणं बदलायला सांगितलीत. बस्स. कळलंय की नाही? कळलं असेल तर इतकी शांत कशी? नसेल कळलं, तर फोनवर ऐकलं काय? मी तिच्याकडे बघतो, ती बघते तेव्हा दुसरीकडे बघतो. सुईत दोरा एका फटक्यात ओवते आणि उठताना दाराच्या चौकटीला खांदा आपटते. आपटला की स्वतःच चौकटीला म्हणते, "सरक की जरा."

दादा, एक गोष्ट मी तुम्हाला शेवटच्या मेलमध्ये लिहिली होती, छापलेल्या गठ्ठ्यात शेवटच्या पानावर असेल ती. तुम्ही त्यावर एक शब्द लिहिला नाहीत. तीच गोष्ट त्यांनी वाचली असेल का?

उद्या काय होईल ते लिहीन. लिहायला धीर उरला तर.

घाईत,
मी


रविवार, २२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. आज घरी बसून लिहितोय, जेवणाच्या टेबलावर. समोर ती काज करतेय. "कुणाला लिहिताय?" विचारलं, मी "दादांना" म्हटलं. "मोठं लिहा," म्हणाली.

गुरुवारी सकाळी मी कामावर निघालो तर ती सायकलचा पंप घेऊन दारात उभी. पंप माझ्या पायाशी ठेवला.

"भरा."

"काय?"

"हवा. तुम्हीच काढलीत, तुम्हीच भरा."

तीच ती शेवटच्या पानावरची गोष्ट. कापडाच्या दुकानापर्यंत ती सायकलने जाते, भर रहदारीतून. बाजूने येणारी गाडी तिला दिसणार नाही हे मला माहीत होतं आणि तिला माहीत नव्हतं. म्हणून मी रोज पहाटे उठून मागच्या चाकातली हवा काढायचो. ती बिचारी सायकलवाल्याकडे ढकलत न्यायची, तो ट्यूब पाण्यात बुडवून बघायचा आणि म्हणायचा, बाई, पंक्चरच नाही. ती चिडायची, मी तिच्याबरोबर सायकलवाल्याला नावं ठेवायचो. त्याच्या डोक्यात काही नाही म्हणायचो. हे मी तुम्हाला जरा गंमत म्हणून लिहिलं होतं, दादा. छापलेल्या कागदावर ती गंमत राहिली नसणार.

"त्या बाई म्हणाल्या, सायकलचं मनाला लावून घेऊ नका, काळजीपोटी केलं त्यांनी," तुमची बहीण म्हणाली. "मी म्हटलं, नाही लावून घेणार. कोण बोलतंय हेही मला धड कळलं नव्हतं."

मी पायरीवर बसलो. ती बसली नाही.

"मला सहा महिने वाटतंय काहीतरी," ती म्हणाली. "संध्याकाळी फूटपाथची कड सापडत नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून मी गप्प. तुम्ही डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलात तेव्हा चेहरा बघितला होता मी तुमचा. मी तिथे फ्रेम निवडत होते. तुम्ही म्हणालात, ही छान दिसते."

"मी सांगणार होतो."

"कधी?"

मी पंप उचलून मांडीवर घेतला.

"आंधळेपणाचं वाईट वाटायचं तेव्हा वाटेल. त्याला वेळ आहे म्हणतात ना? आज मला वाईट कशाचं वाटतंय माहितीये? वॉचमनची बायको परवा गणवेश घ्यायला आली, जाताना माझा हात धरून पायऱ्या उतरवायला लागली. मला! मी म्हटलं, अहो, मी इथे राहते. ती कशी बघत होती ते मला तेव्हा कळलं नाही. सगळ्यांना माहीत. फक्त डोळे ज्याचे त्याला माहीत नाही."

मग तिने विचारलं, "दादाला?" मी हो म्हणून मान हलवली. मला वाटलं, आता भडकेल. ती म्हणाली, "त्याने दाखवले का स्वतःचे?" मी नाही म्हटलं. तेव्हा ती खाली बसली आणि रडली. आधी एकदाही नाही, तेव्हा रडली.

मी हवा भरली. तिने सायकल बाहेर काढली नाही, पण चाक दाबून बघितलं.

शुक्रवारी ती माझ्याबरोबर ऑफिसात आली. मी नको नको म्हणत होतो, फाटकापर्यंत म्हणत होतो. वॉचमन उभा राहिला. ती त्याला म्हणाली, "माझे डोळे बरे आहेत, भाऊ, तुमच्या गणवेशाची बटणं उद्या बदलून देते." सरळ एचआरच्या खोलीत गेली. मी मागे.

"मंगळवारी फोनवर बोललो आपण. ती पत्रं मला वाचायची आहेत."

"कुठली?" बाई उठून उभ्या राहिल्या.

"माझ्याबद्दलची. छापलेली."

बाई अवघडल्या. माणूस म्हणून वाईट नाहीत, दादा, हे मला लिहावंसं वाटत नाही पण लिहितो. कानापर्यंत लाल झाल्या होत्या. म्हणाल्या, "सॉरी, ती देता येणार नाहीत. ती कर्मचाऱ्याची फाईल आहे. गोपनीय असते."

मग तुमची बहीण म्हणाली, "गोपनीय कुणापासून?"

"नियम आहे हो."

"माझ्या नवऱ्याने माझ्यापासून लपवलं, त्याचं मी घरी बघून घेईन. तो माझा नवरा आहे, त्याला मी ओरडू शकते. तुम्ही माझ्या कोण? तुम्हाला मी काय म्हणू?"

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तो हिच्या डाव्या हाताला, बाजूला होता. तिला दिसला नाही. कोपर लागलं आणि पाणी टेबलभर झालं. कुणीच पुसलं नाही. ती "माफ करा" म्हणाली नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला, आणि इतकी भीती.

तिथेच उभं राहून मी पहिल्यांदा माझ्या आवाजात बोललो. म्हटलं, कुणी वाचलं, का वाचलं, किती जणांनी, हे मला लेखी हवं, आणि त्या कारणासाठी टेबल काढून घेतलं असेल तर तेही लेखी. त्याच दुपारी अर्ज दिला. हिने सांगितला, मी लिहिला. कामगार कार्यालयातही एक प्रत देऊन आलो. तिथल्या कारकुनाने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, असे आणखी आलेत. काय होईल ठाऊक नाही. सध्या मी स्टोअरमध्येच आहे. दिवसभर ट्रकची टायरं मोजतो. ही म्हणते, बरोबर जागी बसवलंय तुम्हाला.

संध्याकाळी मी फोनवर माझा मेल उघडला आणि तिच्या हातात दिला. सगळे मेल वाचले तिने, तुमचेही. अक्षरं मोठी करून, एकेक. मी समोर बसून होतो. मधे एकदा हसली, टाकीच्या गळतीपाशी. शेवटी फोन ठेवला आणि म्हणाली, "यात मी कुठेच बोलत नाही. तुम्ही दोघंच बोलताय."

काल आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो. या वेळी मी बाहेर बसलो. ती बराच वेळ आत होती. बाहेर आल्यावर काय बोलणं झालं ते सगळं तिने मला सांगितलं, मी विचारण्याआधी. घरी आल्यावर सायकलला स्वतः कुलूप लावलं. किल्ली कुठे ठेवलीय ते मला सांगितलेलं नाही, आणि मी शोधणार नाही.

अजून भीती जात नाही, दादा. फोन वाजला की ती उचलेपर्यंत मी हातातलं काम थांबवतो. ऑफिसात दोन माणसं हळू बोलताना दिसली की वाटतं, आमचंच. पण घरात शिरताना आता चेहरा नीट करावा लागत नाही.

हे पत्र तिला वाचायला देतोय. खाली जागा सोडलीय.

तुमचा,
तिच्यासमोर बसून लिहिणारा मेहुणा


दादा,

वाचलं. यांनी मी रडल्याचं लिहिलंय ते खोडायला सांगणार होते, राहू दे.

तुझ्यावर रागवायला मला वेळ लागेल, आत्ता डोक्यात दुसरंच आहे. तू घाबरलायस. लहानपणी दात दाखवायच्या दिवशी तू पलंगाखाली लपायचास, तसाच. शुक्रवारी सकाळच्या गाडीने मी येतेय, एकटी. तुझी डॉक्टरांची वेळ मी परस्पर घेतलीय, वहिनीला फोन करून. तू नाही म्हणू शकत नाहीस.

स्टेशनवर न्यायला ये. आणि नेहमीसारखा मागून येऊन खांद्यावर थाप मारू नकोस. समोरून ये, सरळ. बाजूने आलास तर तू मला दिसणार नाहीस.

तुझी बहीण