घोरणारा बोकड

१४ मार्च

ती. दादास नमस्कार.

इकडे माणसं सगळी बरी आहेत. यांचा खोकला थांबला. वहिनीची कंबर कशी आहे?

दोन वर्षांपूर्वी तू दिलेला बोकड मंगळवारी गेला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं डोकं उभं चिरून मला दाखवलं. एक नाकपुडी आतून गच्च भरलेली, करड्या दाणेदार गाठीनं. विषाणूमुळे होते म्हणाल्या. शेंबडातून पसरते, लस नाही, औषध नाही.

"आणला तेव्हा घोरत होता का?" त्यांनी विचारलं.

घोरत होता, दादा, तुझ्याच अंगणात. मी म्हटलं तेव्हा तू हसलास, "सासरी जायचंय म्हणून उसासे टाकतोय!" त्याच्याआधी तीन शेळ्या तू गुपचूप पुरल्या होत्यास. परवा फोनवर वहिनीच्या तोंडून निघून गेलं. परक्याला विकायची लाज वाटली, म्हणून सख्ख्या बहिणीच्या गळ्यात मारलास ना?

आता बावीसपैकी सात शेळ्या घोरतात. चांदणीचा एक डोळा बाहेर आलाय. चारा तोंडात धरून नुसती उभी राहते, कारण चावायला लागली की श्वास घेता येत नाही. मला बघवत नाही.

एवढं लिहून पाकीट बंद करणार होते.

पण बाईंनी आणखी एक विचारलं होतं, "नाकं कशानं पुसता?" मी म्हटलं, "पुसतच नाही." फडकं माझ्या कमरेलाच खोचलेलं होतं. आईची शिकवण तुला ठाऊक आहे, धार काढण्याआधी प्रत्येकीचं नाक पुसायचं. दोन वर्षं मी रोज एकाच ओल्या फडक्यानं पुसत आले. आधी बोकडाचं, माहेरचा म्हणून, मग बाकीच्यांची. म्हणजे रोग दिलास तू, पण दारोदार फिरवला मी.

आणि गुरुवारी लेक येऊन माझ्या गोठ्यातल्या दोन पाठी, अजून न व्यालेल्या तरण्या शेळ्या, घेऊन गेली. तिनं नवा गोठा बांधलाय, पाच शेळ्या आहेत. या दोघी घोरत नव्हत्या, म्हणून मी गप्प बसले. बाईंनी मात्र बजावलं होतं की रोग वर्ष-वर्ष आत दडून राहतो.

उद्या सकाळी तिच्याकडे जाऊन सगळं सांगणार आहे, फडक्याचंसुद्धा. ती मला दारातूनच परत पाठवेल. तिनं मला माफ करावं असं फार वाटतं रे.

मी तुला केलेलं नाही.

नाइलाजानं तुझीच,
बहीण