बाई थांबायच्या

बाई, आपली शाळा वाचली. आज दुपारी तालुक्याच्या साहेबांनी सगळ्यांसमोर तसा शेरा लिहिला. घरी आल्यावर पायसुद्धा न धुता मी हे लिहायला बसलो आहे. तुम्हाला देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली.

तुम्ही मला तिसरीत मिळालात. तेव्हा माझी जीभ फार अडखळायची. हजेरीला नाव आलं की 'हजर'मधला 'ह' घशातच बसायचा. मागच्या रांगेतून कोणीतरी "ह-ह-हजर इलो रे!" म्हणायचं आणि वर्ग हसायचा. आधीचे गुरुजी मी समोर दिसतो म्हणून खूण करून पुढे जात. तुम्ही पेन उचललेलं ठेवून थांबायचात. मग जत्रेच्या दिवशी देवळात तुम्ही आमच्या मागेच उभ्या होता. गावचे मानकरी गावकार देवापुढे गाऱ्हाणं घालत होते, प्रत्येक मागण्याला गाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणत होता, आणि त्यात माझा आवाज न अडखळता निघत होता. दुसऱ्या दिवशी हजेरीला माझं नाव घेऊन तुम्ही म्हणालात, "देवळात म्हणतंस तसा म्हण." मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. सगळे हसले, तुम्हीही हसलात, आणि उद्यापासून सगळ्यांनी हेच म्हणायचं असं सांगून टाकलंत. पुढे तपासणीचे साहेब आले आणि ते ऐकून भडकले, "बाई, ही शाळा आहे की देऊळ?" तुम्ही हजेरीपट मिटलात आणि म्हणालात, "साहेब, तो मुलगा बोलला, ते ऐकलंत ना?"

अडखळणं पुरतं गेलं नाही, बाई. मी पिठाची गिरण चालवतो. तिथल्या आवाजात कोणी फार बोलायची अपेक्षा करत नाही, ते मला बरं पडतं. पण गेल्या वर्षी गावाने मला शाळेच्या समितीचा अध्यक्ष केलं, आणि आज शाळा बंद करायची की ठेवायची हे ठरवायला तालुक्याचे साहेब आले. पट नऊचा. व्हाळाचं पाणी ओलांडलं की मोठी शाळा आहे, मुलं तिकडे पाठवू, अडचण काय, असं त्यांनी विचारलं. मी उभा राहिलो. शुद्ध मराठीत लिहिलेला कागद हातात होता आणि पहिल्याच शब्दाला जीभ अडली. सगळे माझ्याकडे बघताहेत. साहेब घड्याळ बघतात. सकाळी देवाला नारळ ठेवून निघालो होतो, तरी वाटतं, माझ्या एका शब्दापायी शाळा जाते आता. तेवढ्यात आमच्या शाळेत भात शिजवणारी काकी भिंतीजवळून म्हणाली, "सायबानू, वायच थांबा. गिरणवालो तो, पट्टो फिराक येळ लागता!"

सगळे हसले, साहेबही हसले आणि खरंच थांबले. मी कागद खिशात घातला आणि आमच्या बोलीतच सांगितलं. पावसात व्हाळ भरला की त्यावरचा साकव बुडतो आणि पोरांना पलीकडे जाता येत नाही, ते सांगितलं. मग दुसरीतल्या एका मुलीबद्दल सांगितलं. दीड वर्ष ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. आमच्या आताच्या बाई रोज तिच्याजवळ बसून वाट बघत. दिवाळीनंतर एके दिवशी ती म्हणाली, "बाई, माका पानी व्हया." त्या दिवशी बाईंनी गिरणीत येऊन, पट्टा बंद करायला लावून मला ते सांगितलं होतं. मी साहेबांना विचारलं, "त्या मोठ्या शाळेत हिच्यासाठी दीड वर्ष कोण थांबतलो?"  साहेबांनी त्या बाईंना दोन-चार प्रश्न विचारले, शाळेमागे जाऊन साकव पाहिला, आणि परत येऊन लिहिलं : शाळा आहे तिथेच चालू ठेवावी.

आता अंग कसं हलकं झालंय. देवापुढे दिवा लावायचा आहे, पण त्याआधी एक गोष्ट सांगतो. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगता येतंय. तुमची बदली झाली तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात मुलांतर्फे मी बोलायचं ठरलं होतं. मी आलो नाही, ताप आल्याचा निरोप धाडला. संध्याकाळी तुम्ही घरी आलात. आई म्हणाली, "कपाळ तर गार लागता हो बाई." तुम्ही माझ्या कपाळावर हात ठेवलात, बराच वेळ ठेवलात, आणि आईला म्हणालात, "आतलो ताप आसा. निजांदे तेका."

बाई, ताप नव्हता. मी घाबरलो होतो.