दुखवट्याच्या घरी दिलेलं आश्वासन

चिकलठाणा,
रविवार

तीर्थस्वरूप मनकर्णा आत्यास,

गोकुळचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? तेल संपलं असेल तर कळव. (आईचा निरोप: लोणचं पोचलं, बरणीची घाई करू नये.) फोनवर तू 'बरंय, ठेव आता' म्हणून दीड मिनिटात मला उडवतेस, म्हणून हे पत्र.

गेली दोन वर्षं जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी मी गंगापूरकडची गावं पालथी घातली हे तुला सांगायला नको, कारण जीपमध्ये पुढच्या सीटवर तूच होतीस. आधी जिल्हा परिषद, मग आमदारकी, असा माझा बेत. चौकातल्या बॅनरवर मी 'भावी आमदार' छापूनही घेतलं होतं. (फोटो एकट्याचाच होता, तो छापणाऱ्याचा आग्रह.) पण लोक मला ओळखतच नव्हते. कोणाच्या घरी कोण आजारी, कोणाची लेक कुठं दिली, कोणासमोर कोणाचं नाव काढायचं नाही, हे सगळं तू वाटेत पढवायचीस आणि मी आत जाऊन जाणत्यासारखं बोलायचो. तुझे हे उपकार फिटायचे नाहीत.

सरूबाईच्या घरचं आठवलं की अजून कानशिलं तापतात. तिचे मालक वारले म्हणून आपण भेटायला गेलो. दुखवट्याच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, मुकाट्यानं उठायचं असतं, हे तू दारातच बजावलं होतंस. अर्धा तास मी उत्तम बसलो; मान खाली, फोन बंद. पण त्या दिवसातलं ते अकरावं घर होतं आणि आधीच्या दहा घरांत जिभेला वळण पडलेलं. उठलो, हात जोडले आणि म्हणालो, "येतो. सेवेची अशीच संधी पुन्हा पुन्हा देत राहा." अख्खी ओसरी माझ्याकडं बघायला लागली. सरूबाईच्या थोरल्या दिरानं काठी उचलली. (ती त्यांना चालायला लागते हे नंतर कळलं, तोवर मी जीपमध्ये होतो.)

तू मात्र मागं आली नाहीस. तिथंच बसलीस, दुसऱ्या दिवशी गेलीस, तेराव्यापर्यंत रोज भाकरी बांधून नेल्यास आणि सरूबाईला म्हणालीस, "पोरगं तोंडानं येडं हाय, पर मनानं वाईट नाय." नवरा गेल्यापासून ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली म्हणे. ते ऐकून मला रडू आलं, आत्या. खरंच आलं. त्यानंतर गावोगावी बाया जीप थांबवून आधी तुला उतरवून घ्यायच्या आणि मला ड्रायव्हर समजून बाहेरच चहा पाठवायच्या. चहा चांगला असायचा.

असो. प्रकृतीला जप.

तुझा भाचा,
गोकुळ

ता. क. परवा सोडत निघाली आणि आपला गट महिलांसाठी राखीव झाला. माझं तिकीट गेलं. तेव्हा आता तूच उभी राहा. तुला काही करावं लागणार नाही; सही तेवढी तुझी, कारभार मी बघतो. सभेत नुसतं बसायचं. बॅनरवर दोघांचे फोटो घेऊ (माझा किंचित मोठा, लोकांना सवय आहे).

ता. क. २ आत्ताच पक्षाचं काम बघणारा आपला कडुबा गावाकडून आला. त्यानं सांगितलं की सरूबाईसह वीस-पंचवीस बाया तुला घेऊन काल तालुकाध्यक्षांकडं गेल्या आणि तिकीट पक्कं करून आल्या. कारभार कोण बघणार असं अध्यक्षांनी विचारलं, तर तू म्हणालीस, मीच की. अर्जात सूचकाच्या सहीची जागा मात्र तू कोणाला भरू दिली नाहीस. तुझे शब्द कडुबानं जसेच्या तसे सांगितले: "सारी गावं गोकुळनंच फिरवली मला. सही त्याचीच पायजे."

वरचं ता. क. मी खोडलंय. तरी वाचता येतं. तू वाचू नकोस. पत्र टपालात टाकत नाही, जीप काढलीय, हातोहात देतो. सही कुठं करायची तेवढं दाखव.