आत्याच्या दुखवट्याला आत्या हजर

निमगाव सावा
१७ नोव्हेंबर २००२

चिरंजीव सुदर्शन (तू आता मोठा कादंबरीकार झालास, पण माझ्याहून सहा वर्षांनी धाकटाच) यास संपतदादाचे आशीर्वाद. सौ. आरतीचा खोकला थांबला का ते कळव. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. लंकाआत्याही खुशाल आहे, हे वाक्य मुद्दाम वेगळं लिहिलं आहे.

तुझी कादंबरी पोचली. आत्यावर लिहिलीस हे फार चांगलं केलंस, तिच्यासारखी बाई तालुक्यात दुसरी नाही. पंचावन्नाव्या वर्षी ट्रॅक्टर शिकली (शिकवणारा पहिल्याच दिवशी उतरून चालत घरी गेला), आणि गेल्या वर्षी तर बिबट्या पडलेल्या विहिरीत उतरली. ते तू जसंच्या तसं लिहिलंस. बिबट्याला बसायला सोडलेली बाज कपारीत अडकली, आणि ती सोडवायला आत्या कमरेला दोर बांधून खाली गेली. विहिरीची खोली बरोबर, आमच्या बैलाचं नावही बरोबर. शेवटी वर उभा असलेला भाचा घाबरून दोर सोडतो आणि आत्या मरते, एवढंच तुझ्या पदरचं. घोटाळा तिथेच झाला.

मंचरच्या फतेचंद शेटजींच्या सुनेने, रीनाने, कादंबरी वाचली आणि दोन वेळा जेवली नाही. बैलाचं नाव खरं, तर मरण खोटं कसं असेल, असा शेटजींनी विचार केला. (आपला कांदा वीस वर्षं त्यांच्याकडे जातो, बैल त्यांच्या ओळखीचा.) त्याच आठवड्यात आत्याच्या सासरची माणसं (ती माहेरी राहते, तरी नातं तुटलेलं नाही) डिंगोऱ्याहून बटाट्याचं बेणं घ्यायला मंचरला गेली. शेटजींनी त्यांना आधी पाणी दिलं, मग बातमी.

परवा सकाळी दोन जीप भरून पाहुणे आले, टॉवेल-टोप्या घेऊन. पुण्यात राहून तुला आपली रीत आठवते का बघ. बायका वळणापासूनच रडत येतात, आणि समोरच्या बाईने काही न विचारता गळ्यात पडून रडायचं असतं. कोण गेलं ते नंतर. आत्या अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिने जाऊ प्रयागबाईला डोळ्यांवर पदर घेऊन येताना पाहिलं, डिंगोऱ्याचंच कोणीतरी गेलं असं धरलं आणि धावत जाऊन मिठी मारली. पंधरा मिनिटं दोघी रडल्या. प्रयागबाई गेलेलीचे गुण सांगत होती आणि आत्या हुंदके देत हो म्हणत होती. शेवटी नाक पुसून तिने विचारलं, "पर गेलं कोण गं?" प्रयागबाई पदराआडूनच म्हणाली, "आपली लंका."

मग तिने पदर काढला. तिला शुद्धीवर आणायला कांदा फोडावा लागला. आत्या मात्र शांत. "एवढी चांगली व्हते व्हय मी? इतक्या वर्सांत कुनी बोललं न्हाई," म्हणाली आणि सगळ्यांसाठी पिठलं टाकलं. दुखवट्याचं परत नेत नाहीत, त्यामुळे माझ्याकडे अकरा टोप्या झाल्या आहेत. मला तिचा फार अभिमान वाटतो रे. आपल्या घरात ती जन्मली हे आपलं नशीब.

तुझा,
संपतदादा

ता. क. – पाहुण्यांनी मला टोप्या दिल्या, पण माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. दोर सोडणारा भाचा तो हाच, असं जीपमध्ये बसताना एकजण बोलला. दुसऱ्या आवृत्तीत तेवढं बदल. उगाच माणसाची अब्रू घेऊ नये.

ता. क. २ – उगाच नाही. बिबट्या गुरकावला तेव्हा मी खरंच दोर सोडला होता. बाकीचे पलीकडे बाजेचे दोर धरून होते, कोणी पाहिलं नाही. आत्या पोहत कडेला आली, कपारी धरत वर चढली आणि लोकांना म्हणाली, "मीच त्याला म्हनले, सोड दोर, मला पवायचंय." वर्ष झालं, एकटे असतानाही तिने मला कधी बोल लावला नाही. तुला हे ठाऊक नव्हतं, तरी तू लिहिलंस. त्या दिवसापासून मी त्या विहिरीवर गेलेलो नाही.

ता. क. ३ – हे सगळं आत्याला वाचून दाखवलं. ती सांगते तसं लिहितो. "सुदर्शन, मला मेलेलीच ऱ्हाऊ दे. पायजे तर बिबट्यानं खाल्ली म्हन. पर संपतच्या हातातला दोर सुटू देऊ नगं."